दरवाजे वारसा, बाजार अतिक्रमण?

इटलीतील फ्लॉरेन्स शहर पाहून आलेला आपल्याकडचा सुखवस्तू गृहस्थ घरी परतल्यावर ज्या गोष्टी कौतुकाने सांगतो, त्यांत तेथील उघड्या बाजाराचे वर्णन हमखास असते. सान लोरेन्झोच्या बाजारात कातड्याचे पट्टे आणि पिशव्या कशा टांगलेल्या असतात, विक्रेता कसे हातवारे करीत भाव सांगतो, तुरिनच्या पोर्ता पालाझ्झोच्या चौकात टोमॅटो कसे रचून ठेवलेले असतात, हे सारे त्याने डोळे भरून पाहिलेले असते आणि त्याची छायाचित्रेही काढलेली असतात. जुने शहर खरे कळायचे तर त्याच्या बाजारातून पायी हिंडले पाहिजे, असे तो आपल्याला बजावतो. त्याचे हे म्हणणे बरोबरच आहे. अडचण एवढीच, की हाच गृहस्थ आठवड्याभराने छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातून मोटार नेत असतो, समोर केळ्यांची हातगाडी आडवी येते, आणि महापालिका झोपली आहे काय, हे अतिक्रमण कोण हटवणार, असे तो त्राग्याने विचारतो. तिकडे जी संस्कृती होती ती इकडे घाण कशी होते, हा प्रश्न त्याला पडत नाही.

या गृहस्थाची थट्टा करून आपले काम भागणार नाही. त्याची दृष्टी त्याची एकट्याची नाही. ती आपल्या नगररचनेची दृष्टी आहे, वृत्तपत्रांच्या शहर-पानांची आहे, आणि अनेकदा पुरोगामी म्हणवणाऱ्या मध्यमवर्गाचीही आहे. म्हणून तिचा थोडा शोध घेतला पाहिजे.

तत्पूर्वी इटलीविषयीचा एक गैरसमज दूर करणे बरे. तेथील बाजार म्हणजे विक्रेत्यांचे नंदनवन नव्हे. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने २०१४ साली सान लोरेन्झोच्या चर्चला लागून असलेले ठेले उठवले, आणि कारण दिले ते वारशाच्या सौंदर्याचे. त्याच शहरात १३ डिसेंबर २०११ रोजी एका अतिउजव्या माथेफिरूने बाजारांतून हिंडत सेनेगलच्या विक्रेत्यांवर गोळ्या झाडल्या. साम्ब मोदू आणि दिओप मोर हे दोघे ठार झाले, आणखी काही जखमी झाले. युरोपीय महासंघाच्या २००६ च्या सेवाविषयक निर्देशानुसार रस्त्यावरच्या बाजारातील जागा मुदतीने व स्पर्धेने वाटाव्यात की काय, या वादात इटलीचे फिरते विक्रेते वर्षानुवर्षे झगडले. २०१७ च्या फेब्रुवारीत ते त्यासाठी रोमच्या रस्त्यांवर उतरले. म्हणजे गरीब आणि परका विक्रेता तिथेही असुरक्षितच आहे. फरक आहे तो हा, की तेथील परवानाधारक विक्रेत्यापाशी गमावण्यासारखा एक परवाना तरी आहे आणि त्या परवान्यासाठी त्याला सरकारशी भांडता येते. आपल्या हातगाडीवाल्यापाशी बहुधा तोही नसतो. त्याच्यापाशी असते ती रोजच्या वसुलीची पावती. पावती देणारी महापालिका सकाळी त्याच्याकडून पैसे घेते आणि दुपारी त्याची गाडी उचलते.

आपल्या शहराचा इटलीशी एक जुना धागाही आहे. व्हेनिसचा निकोलाव मनूची हा मोगलांच्या पदरी अनेक वर्षे राहिला. औरंगजेबाचा पुत्र शाह आलम दख्खनचा सुभेदार असताना त्याचा वैद्य म्हणून तो याच शहरी नांदला. बाजार हेच ज्या नगराचे वैभव होते तिथून आलेला तो माणूस. त्याच्या काळात हे शहर केवळ छावणीचे व कचेऱ्यांचे नव्हते. ते पेठांचे शहर होते. मलिक अंबरने १६१० साली खडकी या ठिकाणी नगर वसवले तेव्हा नहरीचे पाणी खेळवले, पुरे वसवले आणि त्या पुऱ्यांना जोडणारे बाजाररस्तेही दिले. पुढे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले. राज्ये बदलली, नावे बदलली, पण नगराचे पोट ज्यावर चालते तो व्यवहार त्याच जागी राहिला.

याचा पुरावा शोधायला पुराणवस्तू खात्याच्या दफ्तरात जाण्याची गरज नाही. शहराच्या जुन्या भागाची नावे उच्चारून पाहावीत. गुलमंडी म्हणजे फुलांची मंडी. शहागंजातला 'गंज' म्हणजे धान्याचा बाजार. राजाबाजार, सराफा, मोंढा, मछली खडक, कुंभारवाडा, पीरबाजार, ही नावे कुणा पुढाऱ्याने पाटी लावून दिलेली नाहीत. तिथे जे विकले गेले, जे घडवले गेले, त्यांवरून ती लोकांच्या तोंडी पडली आणि शेकडो वर्षे टिकली. 'बावन्न दरवाजांचे शहर' ही आपली बिरुदावली सर्वांना पाठ आहे. त्या दरवाजांपैकी थोडेच आज उभे आहेत. त्यांची डागडुजी होते, त्यांवर दिवे सोडले जातात, ते योग्यच आहे. शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याचीही दुरुस्ती झाली. परंतु दरवाजा कशासाठी असतो? माणसे, बैलगाड्या आणि माल आत यावा आणि त्याची जकात घेता यावी यासाठी. बाजार वजा केला तर दरवाजा म्हणजे नुसती कमान उरते. आपण कमानीला वारसा म्हणतो आणि तिच्या सावलीत बसणाऱ्या माणसाला अतिक्रमण म्हणतो.

हा बाजार आज कसा चालतो ते ज्यांनी मोटारीच्या काचेतूनच पाहिले आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पहाट होण्यापूर्वी जाधववाडीच्या बाजार समितीच्या आवारात आजूबाजूच्या तालुक्यांतला भाजीपाला येतो. तिथे लिलाव होतो, आणि उजाडेपर्यंत रिक्षांत, टेम्पोंत, हातगाड्यांवर लादलेला माल शहराच्या सर्व दिशांना पांगतो. शहागंज आणि औरंगपुरा ही रोजची ठिकाणे. छावणीत गुरुवारी आठवडी बाजार भरतो. तिथे जनावरांचाही व्यवहार होतो आणि पोळ्याच्या सुमारास बैलांच्या साजाने तो रंगून जातो. रविवारी जाफर गेटपाशी बाजार असतो. त्याची मांडणी पाहिली की या शहरात कोण राहते ते कळते. एका बाजूला भाजी, पलीकडे कपडे, त्यापुढे पान्हे, कुऱ्हाडी, पत्रे, सायकलीचे सुटे भाग, जुन्या यंत्रांची हाडे. कारखान्यातून बाहेर पडलेले लोखंड इथे पुन्हा माणसाच्या उपयोगाला येते. एखादा सुतार जुना रंधा पालथा-उताणा करून पाहतो, पात्याला अंगठा लावतो, भाव विचारतो, निघून जातो, परत येतो. तासभर चाललेल्या या सौद्यात पन्नास-शंभर रुपयांचाच प्रश्न असतो. पण त्या शंभर रुपयांवर त्याच्या पुढच्या आठवड्याचे काम अवलंबून असते. दुकानातला नवा रंधा त्याला परवडणारा नसतो.

ऋतूप्रमाणे बाजाराचा चेहरा पालटतो. पावसाळा सरला की दौलताबादच्या डोंगरउतारावरची सीताफळे टोपल्यांतून येतात. ती आणणाऱ्या बाया रस्त्याकडेला ओळीने बसतात. त्यांच्या मालाला ना शीतगृह, ना वेष्टन. सीताफळ आज पिकले तर उद्या ते विकले गेलेच पाहिजे. पेरू, अंजिरे, मोसंबी यांची आपापली वेळ आहे. रमजानच्या रात्री सिटी चौक, रोशन गेट, शहागंज उजाडेपर्यंत जागे असतात. दिवाळीत गुलमंडी ते पैठण गेट हा टापू पणत्या, रांगोळ्या, आकाशकंदिलांनी भरून जातो. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत बांगड्या आणि खेळण्यांची दुकाने लागतात. या चारही प्रसंगी विक्रेते पुष्कळसे तेच असतात. संक्रांतीला सुगडी विकणारी मावशी दिवाळीत पणत्या विकते. रमजानमध्ये खजूर विकणारा चाचा उन्हाळ्यात आंब्याच्या गाडीवर उभा असतो. या शहराच्या पंचांगाची आणि चांद्रमासाची जेवढी माहिती या माणसांना असते, तेवढी एखाद्या भटजीला किंवा मौलवीलाही नसेल.

ही माणसे आली कुठून? काही पिढीजात आहेत. पुष्कळ १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्यांची मुले आणि नातवंडे आहेत. चिकलठाणा आणि वाळूज इथल्या औद्योगिक वसाहतींनी मराठवाड्यातल्या तरुणांना शहराकडे ओढले. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग करणारे लहान कारखाने आले. पण कायम नोकरीची जागा कंत्राटाने घेतली. कंत्राट संपलेला तरुण गावी परत जात नाही, कारण गावी पाणी नाही. तो चुलत्याची हातगाडी धरतो. घरधनी आजारी पडला किंवा दारूत बुडाला की बायको टोपली घेऊन बसते. आपल्या अर्थशास्त्रज्ञांच्या भाषेत हे सारे 'स्वयंरोजगारी'. शब्द मोठा गोंडस आहे. ज्याला इतर कुणी रोजगार दिला नाही त्याने स्वतःला दिलेला रोजगार, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हा रोजगार त्याला फुकट मिळालेला नसतो. हातगाडी अनेकदा भाड्याची असते. भांडवल सावकाराचे असते. सकाळी नऊशे हातावर घ्यायचे आणि संध्याकाळी हजार फेडायचे, ही रीत देशातल्या बहुतेक बाजारांना ठाऊक आहे. बँकेच्या व्याजदराने जे वर्षाला मोजतात ते इथे दिवसाला मोजले जाते. त्यावर हप्ता वेगळा. एका दिवशी गाडी उचलली गेली तर तराजू जातो, माल नासतो, सावकाराचे हजार मात्र उभेच राहतात. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना काढली. पहिले कर्ज दहा हजारांचे होते. २०२५ साली ते पंधरा हजारांवर नेले. ही योजना निरर्थक आहे असे मी म्हणणार नाही. सावकाराच्या तावडीतून ज्यांची थोडी सुटका झाली त्यांना तिचे मोल माहीत आहे. परंतु तिच्यातली विसंगती लक्षात घ्या. कर्ज देताना सरकार त्या माणसाला पथविक्रेता म्हणून ओळखते, त्याचे नाव नोंदवते, त्याच्या फोनवर पैसे स्वीकारण्याची सोय करून देते. तोच माणूस बसायला जागा मागतो तेव्हा ती ओळख पुसली जाते. जागेवाचून भांडवल म्हणजे विहिरीवाचून मोट.

या जागेविषयी आपला कायदा काय म्हणतो, हे आपल्याच कार्यकर्त्यांपैकी किती जणांना माहीत आहे याची मला शंका आहे. १९८५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा ओल्गा टेलिस खटला अनेकांना ठाऊक असतो. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने त्यात सांगितले. सोदान सिंग खटल्यात १९८९ साली घटनापीठाने रस्त्यावर व्यापार करण्याचा हक्क घटनेच्या एकोणिसाव्या कलमात बसतो असे मानले, मात्र अमुक एका ठरावीक जागेचा हक्क कुणाला सांगता येणार नाही, असेही म्हटले. त्यानंतर चळवळींच्या दीर्घ रेट्याने २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा केला. अहमदाबादच्या माणेक चौकातल्या भाजीवाल्या बायांना संघटित करणाऱ्या इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेचा आणि देशभरच्या फेरीवाला संघटनांचा त्यात वाटा आहे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमालांपासून पथारीवाल्यांपर्यंत असंघटित माणसाला संघटित करण्याचे जे काम केले, तेही याच वाटेवरचे.

हा कायदा वाचताना आश्चर्य वाटते, कारण त्यात अंमलदारांच्या सवयीच्या जवळजवळ प्रत्येक सबबीला उत्तर दिलेले आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाही विक्रेत्याला उठवता येणार नाही. उठवायचेच झाले तर तीस दिवसांची नोटीस हवी. माल जप्त केला तर नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत द्यायचा, इतर माल दोन कामाच्या दिवसांत. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे. आपल्या शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांच्या घरात होती, म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही सुमारे एकोणतीस हजार विक्रेत्यांना कायद्याने जागा आहे. नगर पथविक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले हवेत आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया.

अनुसूच्या तर मुळातून वाचाव्यात. गर्दी होते एवढ्या कारणावरून एखादा भाग विक्रीस बंद करता येणार नाही. अस्वच्छतेच्या कारणावरूनही नाही. ती केवळ विक्रेत्यांमुळेच होत असेल आणि पालिकेला योग्य नागरी उपायांनी ती दूर करता येत नसेल, तरच. जो बाजार अस्तित्वात आहे किंवा सर्वेक्षणात नैसर्गिक बाजार म्हणून आढळला आहे, तो 'ना-विक्री क्षेत्र' म्हणून जाहीर करता येणार नाही. आणि दुसऱ्या अनुसूचीत एक वाक्य असे आहे की ज्या नैसर्गिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करीत आले आहेत, तो बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर केला जावा आणि तेथील विक्रेत्यांना हलवले जाऊ नये.

हे वाक्य या शहरासाठीच लिहिले आहे की काय असे वाटावे. पन्नास वर्षे मागे मोजली तर आपण १९७० च्या दशकात येतो. त्या वेळी शहागंज होते, गुलमंडी होती, छावणीचा गुरुवार होता. महापालिका मात्र नव्हती. ती १९८२ साली झाली. बाजार महापालिकेहून जुने आहेत, आणि महापालिका त्यांना उपरे ठरवते आहे.

प्रत्यक्षात घडते काय? २०१६ साली शहराची स्मार्ट सिटी योजनेत निवड झाली. २०२० च्या एप्रिलमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर अनेक वर्षे या शहराला निवडून आलेले नगरसेवक नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. नगरसेवक फार आदर्श असतात असा माझा दावा नाही. पण गाडी उचलली तर रात्री ज्याच्या ओट्यावर जाऊन बसता येते असा एक माणूस वॉर्डात असतो. तो त्या वर्षांत नव्हता. २०२३ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस जी-२० च्या निमित्ताने स्त्रियांच्या प्रश्नांवरील डब्ल्यू-२० बैठक इथे झाली. भिंती रंगल्या, दिवे लागले, रस्ते चकचकीत झाले. स्त्रियांची उद्यमशीलता हा त्या परिषदेच्या चर्चेचा विषय होता. शहागंजात टोपली घेऊन बसणारी बाई ही या शहरातली सर्वांत जुनी उद्योजिका. तिला त्या मंडपात कुणी बोलावले असते तर नाशवंत मालावरच्या एका दिवसाच्या व्याजाविषयी तिने देशोदेशींच्या प्रतिनिधींना पुष्कळ काही सांगितले असते. २०२५ च्या जूनमध्ये मुकुंदवाडीपासून बांधकामे पाडण्याची मोठी मोहीम सुरू झाली आणि शहराच्या प्रमुख रस्त्यांवर पसरली. रस्ते रुंद व्हावेत याला विरोध नाही. पण रुंद झालेल्या रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा, उभ्या मोटारीचा की उभ्या माणसाचा, हे ठरल्यावाचून रुंदीकरण म्हणजे सार्वजनिक जमिनीचे एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे हस्तांतर होते.

औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईचा अनुभवही विसरण्यासारखा नाही. मंडई पाडून तिथे खाजगी विकसकाकडून 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने नवे संकुल उभारण्याचे ठरले आणि काम रखडत गेले. ज्यांच्यासाठी मंडई होती ते भाजीवाले रस्त्याच्या कडेला आले. ज्यांना सरकारी योजनेने छपराखालून रस्त्यावर आणले त्यांनाच पुढे रहदारीचा अडथळा म्हणायचे, हा न्याय अजब खरा.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. गुलमंडीत दिवाळीच्या आठवड्यात म्हाताऱ्या माणसाला चालता येत नाही, हे खरे आहे. रुग्णवाहिका अडकते, हे खरे आहे. सर्वच विक्रेते गरीब असतात असेही नाही; एकेकाच्या चार-चार गाड्या असतात, तो त्या भाड्याने देतो, आणि जागेवर हक्क सांगून नवख्याला उठवतो. पक्के दुकान असलेला व्यापारी आपल्या दारापुढची सार्वजनिक जागा हातगाडीवाल्याला भाड्याने देतो, आणि तोच व्यापारी संघाच्या बैठकीत अतिक्रमण हटवण्याचा ठराव मांडतो. यावर उपाय कायद्यातच आहे. प्रमाणपत्र भाड्याने देता येत नाही. वेळा ठरवता येतात, जागा आखता येतात, एका बाजूने चालण्याची वाट राखता येते. पण हे सारे करायचे तर आधी मोजणी हवी, समिती हवी, समितीत निवडून आलेली माणसे हवीत. शिस्त हवी म्हणणाऱ्यांनी सर्वेक्षणाची मागणी सर्वांत मोठ्याने करायला हवी होती. तशी ती ऐकू येत नाही. याचे कारण उघड आहे. नोंद नसलेल्या माणसाकडून हप्ता घेता येतो. नोंद असलेल्याकडून पावती देऊनच घ्यावा लागतो.

एक गोष्ट मला या साऱ्याहून अधिक महत्त्वाची वाटते. २०१८ च्या मे महिन्यात ११ आणि १२ तारखेला या शहरात दंगल झाली. मोतीकारंजा, राजाबाजार, शहागंज या भागांत दुकाने जळाली, दोघांचे प्राण गेले. ज्या जागी ही आग लागली त्याच जागी एरवी वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस हिंदू आणि मुसलमान एकमेकांशी भाव करतात, उधारी ठेवतात, सुट्टे पैसे बदलून घेतात, नमाजाला गेलेल्याच्या गाडीवर शेजारचा लक्ष ठेवतो. यात भाबडे बंधुप्रेम शोधण्याची गरज नाही. हा रोजच्या गरजेचा व्यवहार आहे आणि म्हणूनच तो टिकाऊ आहे. शहराच्या नव्या वसाहती धर्माधर्माने वाटल्या गेल्या आहेत. सोसायट्यांत दुसऱ्या धर्माच्या माणसाला घर मिळत नाही, शाळा वेगळ्या, दवाखानेही हळूहळू वेगळे. दोघांनाही जावेच लागते अशी फार थोडी ठिकाणे उरली, त्यांत बाजार आहे. त्याला फोडून चार कोपऱ्यांतल्या चार ओट्यांवर वाटले, तर रहदारी कदाचित सुरळीत होईल. पण भायगाव वाटून घेतल्यासारखी ती वाटणीही धर्माप्रमाणेच होईल, हे भाकीत करायला ज्योतिषी नको.

आता करायचे काय ते थोडक्यात. मोर्चा, घेराव, निवेदन यांची आपल्याला सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण वारसा बाजाराची मागणी निवेदनाने सुटणारी नाही. तिला कागद लागतो. पन्नास वर्षांचा व्यवहार सिद्ध कसा करायचा? जुन्या नगरपालिकेच्या काळातल्या तहबाजारीच्या पावत्या अनेक घरांत ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या फोटोमागे, कुराणाच्या गवसणीत जपून ठेवलेल्या सापडतात. बाजारबैठकीच्या लिलावाच्या जाहिराती जुन्या स्थानिक वृत्तपत्रांत असतात. जुन्या शिधापत्रिकेवर व्यवसाय लिहिलेला असतो. पाच-सात कार्यकर्त्यांनी एकेका बाजारात रोज संध्याकाळी दोन तास बसून हे गोळा केले, म्हाताऱ्या विक्रेत्यांच्या जबान्या तारीखवार लिहून घेतल्या, कोण कुठल्या खांबापाशी किती वर्षे बसतो याचा हाताने नकाशा काढला, तर समितीसमोर ठेवण्याजोगे एक प्रकरण तयार होते. शहागंजापासून आरंभ करावा, कारण तिथे तीन-तीन पिढ्यांचे विक्रेते आहेत. जाफर गेटचा रविवार त्यानंतर घ्यावा. तिथले भंगारवाले पावत्या ठेवत नाहीत, तेव्हा तिथे जबान्यांवरच भर द्यावा लागेल. कामाला जाताना भाव विचारून वस्तू मात्र घेतलीच पाहिजे. नुसत्या चौकश्या करणाऱ्या माणसाविषयी बाजाराचे मत फारसे चांगले नसते.